बायफोकल इलेक्ट्रिकल : दोनशे मार्कांचा विषय आणि एक तार

मी टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा आहे, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन. पार्टीकडून पेमेंट वेळेवर आलं तर महिना गोड, नाहीतर उधारीचा. धाकट्या मुलीने अकरावी-बारावी सायन्सला बायफोकल घेतलं होतं, विषय इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की निदान चार-पाच ओळखीचे फोन करतात, "कसं आहे ते बायफोकल? घ्यावं का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. कॉलेजचं नाव लिहीत नाही. सातपूरच्या बाजूचं आहे एवढं पुरे. ज्यांच्यामुळे मी तीन तारे देतोय ते लॅबवाले सर अजून तिथेच नोकरीला आहेत, त्यांना माझ्यामुळे त्रास नको.

पाचपैकी तीन. एकट्या कॉलेजला किती विचाराल तर एक देईन.

आधी आमच्या घरातला जून महिना सांगतो, २०२२ चा. हिची आई म्हणत होती सायन्सच घ्यायचं. मी म्हणत होतो आयटीआय. मी स्वतः त्र्यंबक रोडच्या शासकीय आयटीआयचा, टर्नर ट्रेड, दोन वर्षं. पहिले दोन महिने नुसती कानस चालवली होती. लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायची, दिसली की परत घासायचं. हाताला फोड यायचे. पण त्या दोन महिन्यांवर माझं घर चाललंय, त्यामुळे मला आयटीआयचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. हिची आई म्हणाली, "अहो, तुमचा अभिमान ठेवा गाळ्यात. पोरीला फिजिक्स आवडतं." मग मेव्हण्यांनी मधला रस्ता सुचवला. सायन्सही होतं आणि हातात कामही येतं, ते बायफोकल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बायफोकल म्हणजे मराठीत द्विलक्षी अभ्यासक्रम. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे नेहमीचेच. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय, हिच्या बाबतीत बायोलॉजी, सोडायचा आणि त्या दोन विषयांच्या जागी दोनशे मार्कांचा एकच व्यवसाय विषय घ्यायचा. इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स, मेकॅनिकल मेन्टेनन्स, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, स्कूटर-मोटरसायकल सर्व्हिसिंग, शेतीकडे क्रॉप सायन्स, असे बरेच आहेत. प्रत्येक कॉलेजात सगळे नसतात. निम्मे मार्क लेखीला, निम्मे प्रात्यक्षिकाला. एचएससी व्होकेशनल ही वेगळी गोष्ट, लोक दोन्ही एकच समजतात. १९८६ चं शैक्षणिक धोरण आल्यावर १९८८-८९ पासून आपल्याकडे एमसीव्हीसी (किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम) म्हणून जे सुरू झालं, तेच आता एचएससी व्होकेशनल. त्यात मुख्य भर धंद्यावर असतो, सायन्सचे विषय नसतात, आणि पास झाल्यावर कंपनीत वर्षभर अप्रेंटिस लागता येतं. बायफोकलमध्ये एक डोळा बारावीवर, एक डोळा कामावर. माझा चष्माही बायफोकलच आहे. वरून पार्टी दिसते, खालून मायक्रोमीटर. सवय होईपर्यंत पायरी चुकते एवढंच.

आता कॉलेजचं. प्रवेशाला गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी आम्हाला विषयात काय शिकवतात यातलं एक अक्षर सांगितलं नाही. पहिलंच वाक्य, "घ्या घ्या, मार्क चांगले पडतात." मागे रांगेत उभ्या असलेल्या एका काकूंनीही तेच सांगितलं, त्यांच्या मोठ्याला दोनशेपैकी एकशे नव्वदच्या वर होते म्हणे. बारावीची टक्केवारी फुगवायची असेल तर बायफोकल, हे नाशिकमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. क्रॉप सायन्स घेणाऱ्या कित्येकांनी गव्हाची लोंबी हातात धरलेली नसते. मला तेव्हाच वास यायला हवा होता. ज्या मालाची किंमत आधी सांगतात आणि माल नंतर दाखवतात, तो माल आम्ही धंद्यात घेत नाही. फी अनुदानित तुकडीची, म्हणजे आमच्या आवाक्यातली. वर लॅबचे म्हणून वेगळे पैसे घेतले, त्याची पावती मागावी लागली.

लॅब बघायची म्हटलं तर शिपाई म्हणाला, किल्ली सरांकडे आहे. तिसऱ्या खेपेला बघायला मिळाली. मी आत शिरल्या शिरल्या नाकाने काम सुरू करतो, सवय आहे. जिथे काम चालतं तिथे वास असतो. गाळ्यात कूलंटचा, रिवाइंडिंगवाल्याकडे वार्निशचा. इथे नुसता बंद खोलीचा वास. सामान मात्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. लाकडी बोर्डांवर वायरिंगचे सांगाडे, वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचा, हाताने फिरवायचा पाचशे व्होल्टचा मेगर, दोन-तीन पंखे, मिक्सर, एक तीन फेजची मोटर, म्हणजे तीन जिवंत तारांवर चालणारी, कारखान्यात असते तशी, आणि ती सुरू करायला भिंतीवर स्टार-डेल्टा स्टार्टर. सगळं नीट मांडलेलं, देव्हाऱ्यासारखं. मी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. काहीच झालं नाही. विचारलं तर कळलं की या इमारतीत लॅब आल्यापासून तीन फेजचं कनेक्शनच दिलेलं नाही. म्हणजे पोरं स्टार-डेल्टाची जोडणी करणार, सर ती डोळ्याने तपासणार, आणि मोटर फिरली असं समजून सगळे पुढच्या प्रॅक्टिकलला जाणार.

अकरावीचं पहिलं सत्र तर वायाच गेलं. विषयाची जागा रिकामी होती. तासिका तत्त्वावर कुणीतरी येणार, येणार म्हणून दिवाळी आली. दिवाळीनंतर एक तरुण सर आले, डिग्री झालेले, शिकवायचे चांगले, पण तासाच्या हिशोबाने पैसे आणि तेही महिनोन् महिने थकलेले. मला त्यांची कीव यायची. एकदा सिटीलिंक बसच्या थांब्यावर भेटले तर मलाच विचारत होते, अंबडला कुठे मेन्टेनन्समध्ये जागा आहे का.

मुलं? यादीवर तीसच्या आसपास. तासाला आठ. बाकीची सगळी इंटिग्रेटेडवाली. म्हणजे प्रवेश इथे, शिकवणी क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड फक्त परीक्षेला. त्यांची प्रॅक्टिकलची जर्नलं समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळायची. आकृत्यांसकट. माझ्या मुलीने एकदा रात्री अकरापर्यंत बसून जिन्याच्या वायरिंगची आकृती पट्टीने काढली. वर एक स्विच, खाली एक स्विच, कुठूनही दिवा लावा नाहीतर विझवा. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की तिच्या शेजारच्या रोल नंबरने तीच आकृती वीस रुपयांना आणली आहे. घरी येऊन म्हणाली, "पप्पा, त्याची माझ्यापेक्षा सुबक आहे."

मग या सगळ्यात तीन तारे कुठून आले?

लॅबवाल्या सरांकडून. हे शिक्षक नाहीत, प्रयोगशाळा सहायक. वय पन्नाशीच्या पुढे. आधी एका कंपनीत मेन्टेनन्सला होते, कंपनी बंद पडल्यावर इकडे आले. शिक्षक असो नसो, आठच्या आठ पोरांना ते लॅबमध्ये घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? सिरीज टेस्ट लॅम्प करायला लावला. एक बल्ब, एक होल्डर, दोन वायरी, बस. ज्याला हा बोर्ड करता येतो त्याला घरातली निम्मी दुखणी शोधता येतात. इस्त्रीची कॉइल तुटली का, पंख्याचं वाइंडिंग बॉडीला लागलं का, बल्ब सांगतो. पूर्ण पेटला तर शॉर्ट, मंद पेटला तर ठीक, नाहीच पेटला तर मध्ये कुठेतरी तुटलंय. त्या आठवड्यात आमच्या घरातलं एक उपकरण उघडायचं शिल्लक राहिलं नाही. हिच्या आईचा मिक्सर दोन दिवस डायनिंग टेबलावर सुटा पडलेला. हॉलमधला पंखा वर्षभर रेंगाळत फिरत होता, मी म्हणायचो व्होल्टेज कमी आहे. पोरीने शालिमारहून अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला, चहाला दोघांना लागतात तेवढे पैसे, आणि पंखा असा सुटला की कॅलेंडर खाली पडलं.

सरांनी त्यांच्याकडून अर्थिंगचा खड्डासुद्धा खणून घेतला. पुस्तकात आकृती आहे, मार्कांपुरती ती काढली तरी चालतं. यांनी इमारतीच्या मागे जागा मागून घेतली, पोरांना कुदळ दिली. तीन दिवस खणत होती. मध्ये जीआय पाइप, भोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, परत कोळसा, वरून पाणी. मीठ आणि कोळसा का, तर ओल धरून ठेवायला आणि जमिनीचा विरोध कमी करायला. सुकी माती करंट नीट घेत नाही. मुलगी चिखलाने भरलेले बूट घेऊन घरी आली, आई ओरडली. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या मीटरखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ही बादलीभर पाणी ओतताना दिसली तेव्हा वॉचमन विचारायला आला, ताई काय लावलंय इथे?

अभ्यासक्रम जुना आहे, ते मात्र खरं. चोक-स्टार्टरची ट्यूबलाइट अजून तोंडपाठ करून घेतात. आता ती कुणाच्या घरात आहे? एलईडी पॅनेल, इन्व्हर्टर, गच्चीवरचं सोलर, जे काम पोरांना उद्या बाजारात मिळणार आहे, ते सर स्वतःच्या मोबाइलवर दाखवायचे, तेही वेळ उरला तर.

बारावीच्या सुरुवातीला पालकसभा झाली. सभागृहात नव्या शैक्षणिक धोरणाचा मोठा फलक होता. २०२० च्या त्या धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख झाली पाहिजे. त्या फलकाखाली उभं राहून मी विचारलं, लॅबला तीन फेज कधी देणार? व्यासपीठावरून उत्तर आलं, "या विषयाचा आपला निकाल शंभर टक्के आहे." टाळ्या झाल्या. मी खाली बसलो. शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, तीन फेज म्हणजे काय हो?

त्या रात्री मीच लॅबवाल्या सरांना फोन केला. म्हटलं, माझ्या गाळ्यात तीन फेज आहे, शनिवारी आम्हाला सुट्टी असते, आणा पोरांना. प्राचार्यांची परवानगी, पालकांची पत्रं, सगळं सरांनी केलं. आठही आली, गरवारे पॉइंटला उतरून चालत. मी सकाळीच झाडून घेतलं होतं, उदबत्ती लावली होती. दोन पोरी सँडल घालून आलेल्या, त्यांना लेथपासून लांब उभं केलं. लोखंडाची गरम बरी, म्हणजे लेथवरून निघणारा कीस, पायावर पडली की काय होतं ते माझ्या डाव्या पावलावर आहे, दाखवलं. ओढण्या-केस सगळं बांधायला लावलं. मग आधी मी माझी फुशारकी मारून घेतली, चकमध्ये जॉब कसा धरतात, शंभरावा भाग मिलिमीटर म्हणजे किती. पोरांनी ऐकल्यासारखं केलं.

मग सर म्हणाले, आता पॅनेल उघडा. मेन बंद करून, फ्यूज काढून, टेस्टरने बघून मगच. लेथची मोटर दोन एचपीची, साधा डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर आणि त्याखाली ओव्हरलोड रिले. सर एकेकाला विचारत होते, हे काय, ते काय. माझी मुलगी वाकून बघत होती. म्हणाली, "सर, ९५ आणि ९६ मध्ये ही तार का टाकलीय?"

सगळा गाळा गप्प. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. ओव्हरलोड रिलेवर ९५-९६ असे नंबर असलेला एक कॉन्टॅक्ट असतो. मोटरने जास्त करंट ओढला की रिले तापतो, तो कॉन्टॅक्ट उघडतो, कॉन्टॅक्टर सुटतो, मोटर बंद पडते. वाचते. तिथे तारेचा तुकडा टाकला की रिले नुसता शोभेला. आम्ही त्याला "डायरेक्ट करणं" म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ऐन डिलिव्हरीच्या घाईत रिले सारखा ट्रिप होत होता, इलेक्ट्रिशियनला मीच म्हटलं, कर डायरेक्ट, नंतर बघू. आणि नंतर कधीच बघितलं नाही.

सर माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. पोरांना म्हणाले, एक फेज गेली तर काय होईल सांगा. कुणीतरी म्हणालं मोटर बंद पडेल. सर म्हणाले, उभी असेल तर सुरू होणार नाही, नुसती गुरगुरेल. पण फिरत असेल तर फिरत राहील, उरलेल्या दोन फेजवर. करंट वाढेल, आवाज बदलेल, आणि रिले नसेल तर वाइंडिंग जळेल. मग म्हणाले, जळालेली मोटर उघडून बघितली की कारण लिहिलेलं असतं. स्टार जोडणीची असेल तर दोन फेजच्या कॉइली काळ्या ठिक्कर आणि तिसरीच्या तांब्यासारख्या लाल. असं दिसलं की ओळखायचं, एक फेज गेली होती.

मला रिवाइंडिंगवाल्याने दोन्ही वेळा अगदी अशीच मोटर उघडून दाखवली होती. हो, दोनदा जळाली होती माझी मोटर त्या दोन वर्षांत. मी दोन्ही वेळा महावितरणला शिव्या घातल्या होत्या, मुलीसमोर, जेवताना. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पप्पा, ती दोनदा..." एवढंच म्हणाली आणि थांबली. पोरांसमोर पुढे बोलली नाही, तिचे उपकार. मी चहा सांगायला बाहेर गेलो.

सोमवारी नवा रिले बसवला. मोटरच्या पाटीवर जेवढा अँपिअर लिहिलाय तेवढ्यावर तिनेच लावून दिला. जुना सारखा ट्रिप का होत होता तेही तेव्हा निघालं. एका फेजचा स्क्रू ढिला होता. तो बिचारा खरंच सांगत होता.

बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सगळी तीस मुलं त्या दिवशी उगवली. माझ्या मुलीला दोनशेपैकी १७८. जे दोन वर्षांत लॅबमध्ये आले नव्हते त्यांच्यातल्या एकाला १८९. तिला वाईट वाटलं, मला राग आला. लॅबवाल्या सरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, चालायचंच. त्यांच्या बोलण्यात कडवटपणाही नव्हता, हे मला जास्त लागलं.

आता ती डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रिकल, बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. इथे हिशोब सरळ मांडतो, कारण फोनवर सगळे हेच विचारतात. दहावीनंतर थेट डिप्लोमा घेतला असता तर तीन वर्षांत झाली असती. अकरावी-बारावी आणि मग दुसरं वर्ष, म्हणजे चार. एक वर्ष जास्त गेलं. दोन वर्षांचा आयटीआय करूनही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे तिथेही चारच वर्षं, शिवाय ट्रेडचं सर्टिफिकेट हातात, आणि कानस तर आहेच. मी हे हिच्या आईला अजून अधूनमधून ऐकवतो. तिचंही उत्तर तयार असतं. बारावीचं फिजिक्स-गणित झाल्यामुळे पोरीला सीईटी देऊन इंजिनिअरिंगचा दरवाजाही उघडा होता, तो आयटीआयने उघडला नसता. ते बरोबर आहे. डिप्लोमाच्या वर्गात ज्या गणितावर आयटीआयची पोरं अडखळतात ते हिला जातं, आणि जिथे बारावीवाली पोरं स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरतात तिथे हिला हसू येतं.

तेव्हा, मेडिकलचं स्वप्न असेल तर या वाटेला जाऊ नका, इलेक्ट्रिकल असं घेतलं की बायोलॉजी सुटते. दहावीतच ठरलंय की मशीनवरच काम करायचं, तर मी आयटीआयच सांगेन. पोर मधेच लटकलंय, फिजिक्सही आवडतं आणि स्क्रूही खोलावासा वाटतो, तर बायफोकल घ्या, पण मार्कांसाठी घेऊ नका. मार्क न शिकताही पडतात, ते मी बघितलंय. आता २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन आहेत, पूर्वी आपल्याकडे फक्त महापालिका हद्दीत होते, त्यामुळे घरी बसून पसंतीक्रम भरायचा मोह होतो. भरायच्या आधी एकदा तासाच्या वेळी जाऊन या. किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. हिरवं बटण दाबून बघा. मेगरच्या हँडलवर धूळ आहे का बोट फिरवून बघा, आणि लॅबमध्ये जो माणूस सापडेल त्याच्याशी दहा मिनिटं बोला. आमच्या कॉलेजात तो माणूस होता. त्याच्या निवृत्तीला किती वर्षं राहिलीत तेही विचारून घ्या.

तीन फेज अजून आलेली नाही. गेल्या महिन्यात सरांचा फोन होता, यंदाची बॅच आणू का म्हणून. यंदा अकरा पोरं आहेत, नियमित येणारी. म्हटलं, आणा, शनिवारी साडेनऊला, पॅनेल उघडून ठेवतो. फक्त सगळ्यांना सांगा, सँडल नको, बूट घालून या.